राजविहिरीतली शेवटची राख

एका राज्यात त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. आभाळ मळकट; ऊन होतं, पण झाडाखाली सावली पडत नव्हती. जमिनीखालचं पाणी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या येसोबा पाणाड्याला हे लक्षण काही बरं वाटेना.

दरबारात काळजंघ मांत्रिक उभा होता, मनगटावर बोलका भारद्वाज घेऊन. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. पक्षी म्हणाला, "पृथ्वीवर बलाढ्य राज्यं तीन. पहिलं गजपूर, मग वज्रपूर, मग मेघपूर. तुमचं कुठंच नाही. उठा, तिकडं राहायला चला."

राज्य सोडताना चुलीतली चिमूटभर राख राजविहिरीत टाकायची, अशी सगळ्याच राज्यांची रीत. शेवटची राख राजाची. ती पडली की सोडून गेलेल्या कुणाला त्या मातीत परत पाऊल ठेवता येत नसे. लोक गाठोडी बांधू लागले. राख पडत गेली तसं विहिरीचं पाणी कडू होत गेलं.

येसोबा राजापुढं गेला. "महाराज, आपली राख आठ दिवस थांबवावी. मी तिन्ही राज्यं पाहून येतो."

"कारण?"

"न विचारता कुणी जागा दाखवली, तर तिथं मी आजवर विहीर खणली नाही."

काळजंघ हसला. "पाणाड्या आता राज्यं पारखणार."

"आठ दिवस दिले," राजा म्हणाला. "आठव्या दिवशी मावळतीला राख पडेल."

गजपुरात हत्ती घरं राखत होते. तरी वेशीत लोक बोचकी घेऊन उभे. "वज्रपुराला निघालो, आजोबा. पहिलं राज्य ते. भारद्वाजानं सांगितलं." त्या शुभ पक्ष्याचं गळलेलं पीस त्यांनी वेशीवर फुलं वाहून ठेवलं होतं. येसोबानं ते मागून घेतलं आणि पागोट्यात खोवलं.

वज्रपुरात दारं हिऱ्याची. लोक मेघपुराच्या वाटेला लागलेले. वेशीवर तसंच पीस; तेही येसोबानं घेतलं.

मेघपुरात दारोदारी ढग म्हशींसारखे दाव्याला बांधलेले. एक म्हातारी गाडी भरत होती. येसोबानं विचारलं, "माय, तुम्ही कुठं?"

"तुमच्याकडंच की. पहिलं राज्य तुमचंच म्हणे."

 तिथल्या वेशीवरचं तिसरं पीस घेऊन येसोबा मागं फिरला.

आठव्या दिवशी दिवस कलला तेव्हा राजा मुठीत राख घेऊन विहिरीच्या काठावर उभा होता. येसोबानं भारद्वाजापुढं तीन पिसं ठेवली. पक्ष्याच्या शेपटीत तीन पिसांची जागा मोकळी होती.

"ही कुणाची?"

"बोलू नकोस," काळजंघ पुटपुटला.

पण स्वतःचं गळलेलं पीस समोर आलं की भारद्वाजाला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "माझी. चौघांनाही मी दुसऱ्याचंच नाव सांगितलं. चार विहिरींत चार राजांची राख पडली, की चारही राज्यं माझ्या धन्याची."

राजानं मूठ काळजंघाच्या पायांवर उघडली; आता त्या मातीवर पाऊल ठेवायची मनाई त्याला एकट्याला. मांत्रिक घोट्यापर्यंत जमिनीत गेला, मग गुडघ्यापर्यंत, मग त्याची नुसती शेंडी उरली, मग तीही नाही. पाणी गोड झालं. खरी गोष्ट सांगायला भारद्वाज उरलेल्या तिन्ही राज्यांकडं उडाला. लोकांनी आपापल्या चुली पेटवल्या.

येसोबा घरी आला. शेजारीण चिमाक्का ओट्यावर गाठोडं सोडत बसली होती.

"तुम्हीही निघाला होतात?" त्यानं विचारलं.

"निघालेच होते, भावजी. पण तुमची शेळी या गाठोड्यावर बसली ती उठेचना. राज्य पहिलं असो नाहीतर दुसरं, हिला उचलणार कोण?"