थांबलेल्या पोरांची ठकूआई

घाटाला रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, आणि तीही पावसाळ्यात वाहून जायची, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कोणी नेमकं सांगत नाही. घाटमाथ्यावर मोरदरा नावाचं गाव होतं. अजून आहे. तिथे पाऊस असा कोसळायचा की मातीतलं सगळं सत्त्व धुऊन खाली समुद्राला जायचं.

त्या गावात ठकू नावाची सुईण होती. असं म्हणतात, की आडवं आलेलं मूल तिचा नुसता आवाज ऐकून सरळ व्हायचं. गावातल्या निम्म्या माणसांच्या नाळा तिने कापल्या आणि एकही बाळंतीण तिच्या हातून गेली नाही.

पण मोरदऱ्याला एक दुखणं होतं. तिथली काही पोरं थोडी वाढायची आणि थांबायची. दहा वर्षांचं पोर चार वर्षांचं दिसायचं. जीभ जाड, कातडी कोरडी, आवाज घोगरा. सांगितलेलं उशिरा कळायचं, काहींना कळायचंच नाही. बायकांचे गळे फुगायचे, कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा नारळाएवढा. गाव म्हणायचं, देवीचा कोप आहे. त्या पोरांना थांबकी म्हणायचे, आणि पाहुणे आले की गोठ्यात नेऊन बसवायचे.

अशी पोरं जन्मल्यावर धड रडायची नाहीत. निजून असायची, अंगावर पाजायलाही उठवावं लागायचं. त्यांना न्हाऊ घालताना ठकू आईला म्हणायची, "नशीब काढलंस बाई! किती गुणी लेकरू. जरा म्हणून तरास न्हाई." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं.

तिला स्वतःला मुलगी झाली, तीही अशीच शांत. ठकूने कौतुकाने नाव ठेवलं सगुणा.

सगुणा पाच वर्षांची असताना कासाराने तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. पंधराव्या वर्षीही तिला त्याच मापाच्या बांगड्या होत होत्या. तिच्या बरोबरीच्या मुली सासरी गेल्या, कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला आल्या. त्यांना पाहिलं की सगुणा विचारायची, "आई, मी कवा मोठी व्हनार?"

ठकू म्हणायची, "पुढच्या पावसात, माझे बाय."

असे किती पाऊस गेले.

गावात हौसा नावाची एक सून होती, खाली खाडीकाठच्या गावची. तिची आई दरसाल दिवाळी झाली की सुकट आणि सुक्या बोंबलांची टोपली वर पाठवायची. मोरदऱ्याला असल्या खाण्याची सवय नव्हती. हौसाच्या दारावरून जाताना लोक पदर नाकाला लावायचे. देवीला हा वास चालत नाही म्हणायचे. हौसाला चार पोरं झाली. चारही ताडमाड वाढली. जन्मताना तर अशी रडली होती की गोठ्यातल्या गाईंनी दावी तोडली, असं म्हणतात. ठकूने तेव्हा कानांवर हात ठेवले होते, दुसरं काही मनात आणलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली. वाट बुजली. दोन वर्षं खालचं माणूस वर आलं नाही. त्याच दिवसांत हौसाला पाचव्यांदा दिवस गेले, आणि बाळ झालं ते मुकाट.

ठकूच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले आणि तिथेच अडकले. ती बाळाकडे बघत राहिली. हौसाचं मूल, आणि थांबक्या पोरांसारखं निजून?

"हौसे, औंदा काय खाल्लं न्हाईस तू?"

हौसा दमून पडली होती. म्हणाली, "काय खायचं, ठकूआत्या? तुमच्यावानीच, नाचणी नि भाजी. म्हायेरची सुकट कुठं आली दोन वर्सं? डोहाळेबी तेचेच लागलं हुतं."

उजाडताच ठकू घाट उतरायला निघाली. असं म्हणतात, जिथे घोरपड टिकली नसती तिथून ती उतरली. तिने बोटं रुतवली त्या कातळाला अजून पाच खळगे आहेत. चौथ्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन वर आली. हौसाच्या घरी तिने स्वतः चूल पेटवली. हौसाला रोज सुकट खाऊ घातली, बाळाला आईचं दूध पाजत राहिली. एकविसाव्या दिवशी ते बाळ असं रडलं, की पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याने कोणाचं पोर हरवलं म्हणून हाळी दिली.

मग ठकूने गावातल्या प्रत्येक गरवार बाईचं घर गाठलं. देवीचा गुरव आडवा आला. "देवी कोपंल, ठकू!"

"कोपू दे. तिचा कोप माझ्या डोस्क्यावर. टोपलीसंगं त्योबी वाहीन मी."

पुढे चार वर्षं ती घाट चढत-उतरत राहिली. त्या चार वर्षांत मोरदऱ्यात एकही थांबकं पोर जन्मलं नाही.

सगुणालाही ती रोज भरवायची. सगुणाची कातडी मऊ झाली. ती उठून अंगण झाडायला लागली. एका पावसाळ्यात चार बोटं वाढली आणि हिरव्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. ठकूने गावात गूळ वाटला. पण ती वाढ तेवढीच. उशीर झाला होता. सगुणाला पूर्वीपेक्षा थोडं जास्त कळायला लागलं होतं, त्यामुळे बहुतेक हेही कळलं. मोठी कधी होणार, हे तिने आईला पुन्हा विचारलं नाही. ठकूला वाटायचं, विचारत होती तेच बरं होतं.

आणि एक दिवस विठाई तिच्या वाटेत उभी राहिली. विठाईची दोन्ही पोरं थांबकी.

"माझी दोन्ही लेकरं तुझ्याच हातावर झाली," विठाई म्हणाली. "गुणी हायत म्हनालीस. मी दिष्ट काढली गं त्यांची. खालची वाट तवाबी हुतीच की!"

ठकूने टोपली खाली ठेवली. "हुती," ती म्हणाली. 

त्यानंतर ती एकेका थांबक्या पोराच्या घरी गेली. गोठ्यातून त्यांना बाहेर आणलं, ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काही आयांनी तिला उठवून जवळ घेतलं. काहींनी दार लावलं. विठाईचं दार शेवटपर्यंत उघडलं नाही.

ठकू गेली ती घाटातच. तिसऱ्या वळणावर टेकली आणि उठली नाही. तिथेच राहिलेल्या सुकटीच्या टोपलीला पुढे सात दिवस कावळा शिवला नाही, असं म्हणतात. गावचे गडी तिला आणायला निघाले, तर थांबकी पोरं त्यांच्या पुढे झाली. कोणी वीस वर्षांचं, कोणी तिशीचं, गावाची वेस कधी न ओलांडलेलं. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. तिरडी त्यांच्या खांद्यांवर होती आणि जमिनीपासून जेमतेम दोन हात वर होती. पुढे मडकं धरून सगुणा. घाटाची चढण, पण असं म्हणतात की त्यांनी एकदाही खांदा बदलला नाही. विठाईची दोन्ही पोरंही त्यात होती.

आता घाटाला रस्ता आहे. सुकटीत जे औषध होतं, ते आयोडीन आता मिठाच्या पुडीतूनच घरोघर येतं. मोरदऱ्यात फुगलेला गळा शोधून सापडत नाही. तरी एखादं पोर अजून थांबतं. त्याला इतरही कारणं असतात, असं डॉक्टर सांगतात.

म्हणून कार्तिकात ठकूआईच्या दिवशी, ती गेली त्या तिथीला, सारं गाव देवीच्या देवळाशी जमतं. गरवार बायकांना सुकटीच्या पहिल्या पंगतीला बसवतात. मग प्रत्येक पोराला लाकडी खांबाला पाठ लावून उभं करतात आणि डोक्याशी कोयत्याने खूण करतात. ज्याची खूण गेल्या वर्षीच्या खुणेला चिकटून राहिली, त्याला त्याच दिवशी जीपमध्ये घालून खालच्या दवाखान्यात नेतात. भाताची कापणी ऐन भरात असते. विळे बांधावर टाकून आईबाप निघतात.