सुळ्यांचे माप

एकदा एक दंतवैद्य शिष्या सकाळीच आपल्या वृद्ध गुरूंच्या दवाखान्यात येऊन बसली. तिच्या दवाखान्यासमोर तिच्याच वर्गमित्राने नवे यंत्र आणले होते. पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला की दातांचे माप पडद्यावर उमटे. कॉलेजपासून पहिला नंबर त्याचाच. आता तिचे तीन रुग्णही रस्ता ओलांडून गेले होते.

"सर, मीही घेते. संध्याकाळी विक्रेता येतोय. समोरच्यापेक्षा वरचं मॉडेल."

"का गं?"

"काळाबरोबर राहायला नको?"

"काळ कुठे राहतो? तुझ्या समोरच ना?"

गुरूंनी तिला खुर्चीत बसवले, रबरी वाटीत माप घ्यायची पेस्ट कालवली आणि भरलेला ट्रे तिच्या तोंडात दाबून धरला. पेस्ट घशाकडे सरकली. तिला उमासे आले, डोळ्यांना धार लागली. शिकत असतानाचे दिवस सोडले, तर तिने हे माप फक्त घेतले होते, दिले नव्हते.

मापात प्लास्टर ओतून झाले, चहा झाला. मग गुरूंनी वाळलेला साचा तिच्या हाती दिला. "रुग्णाविषयी सांग."

तिने अंगठा फिरवला. "झोपेत दात खाण्याची सवय आहे. सुळे पार सपाट झालेत. बऱ्याच वर्षांचं काम आहे." आणि ती थबकली.

"कुणावर दात धरून आहे बिचारी?" गुरूंनी हळूच विचारले. तिने साचा टेबलावर ठेवला.

"यंत्र उत्तमच आहे. पण मघाशी उमासा आला तेव्हा तुला समोरचा आठवला का?"

"नाही. निमकर आजी आठवल्या. त्यांना दर वेळी असंच होतं. मी म्हणते, आजी, लहान मुलासारखं काय करता."

"तरी तुझ्याकडेच येतात?"

"येतात."

"मग त्यांच्यासाठी घे. समोरच्यासाठी घेतलंस, तर उद्या तो आणखी काही आणेल आणि तुझे सुळे हिरडीला टेकतील."

संध्याकाळी विक्रेत्याने माहितीपत्रक उघडले. तिने ते मिटले. "आधी आमच्या आजींच्या तोंडात फिरवून दाखवा. त्यांना उमासा आला नाही, तर बोलू."

शेजारच्या मुलीने अबॅकसचा क्लास लावला म्हणून आपल्या लेकाचा फॉर्म भरायला निघताना मीही हल्ली आधी आरशात सुळे बघते; अजून आहेत, असे वाटते.