पहिला हंडा आवडीचा

पठारावर चढून आलं की आधी वेल्डनचा कडा लागतो, मग वेल्डनचा पडका बंगला आणि त्याच्या खाली वेल्डनचं तळं. उतारावरच्या वाडीलाही कागदोपत्री वेल्डनच म्हणतात. एवढ्या सगळ्यांना मिळून एकच नाव. पण तळ्यावर आलेली बाई पहिला हंडा भरते आणि तो तसाच पाण्यात परत ओतते. त्याचं कारण जुनी माणसं सांगतात ते असं.

फार वर्षांपूर्वी इथे एक गोरा साहेब आला. त्याच्या मुलखातल्या गावाचं नाव वेल्डन, घराण्याचा किताबही वेल्डनचाच. इथे आल्यावर त्याने डोंगराला तेच नाव दिलं, घोड्याला दिलं, पोटच्या पोरालाही दिलं. तळं मात्र पाणजाईचं, पाण्याच्या देवीचं होतं. पाणी उचलताना "पाणजाई, घेते गं" म्हणायची इथली रीत. साहेबाने हुकूम काढला, की वेल्डन म्हणेल त्यालाच पाणी मिळेल आणि जुनं नाव घेणाऱ्याचा हंडा फोडायचा.

वाडीतल्या ठमीची सात वर्षांची लेक आवडी तापाने फणफणली होती. तिच्यासाठी ठमी पाणजाईला नवस बोलली होती : एकवीस दिवस तुझं नाव घेऊन पाणी भरीन आणि लेकीला तेवढंच पाजीन. हुकूम आला त्या दिवशी नवसाचे दोनच दिवस उरले होते. वैशाख होता. झरे आटलेले, पाणी काय ते तळ्यात.

विसाव्या दिवशी तिने पाणजाईचं नाव घेतलं. पहाऱ्यावर तिचाच चुलत दीर राणोजी होता. त्याने हंडा फोडला.

"अहो वहिनी, घोडा वेल्डन, बंगला वेल्डन. उद्या मला वेल्डन म्हणून हाक मारली तर मीही जी म्हणीन. जीभ झिजते का?"

घरी आवडी दिवसभर पाणी पाणी करत होती. शेजारणी पाणी द्यायला आल्या, पण ते वेल्डनचं म्हणून ठमीने परत पाठवलं. लेक वाचावी म्हणूनच ती नवसाला धरून बसली होती.

एकविसाव्या दिवशी मात्र आईचं काळीज हरलं. उसना हंडा घेऊन ती गेली आणि "वेल्डन" म्हणाली.

"मोठ्याने," राणोजी म्हणाला. "साहेबांना ऐकू गेलं नाही."

व्हरांड्यात साहेब चहा पीत बसला होता. तिला सात वेळा म्हणायला लावलं, म्हणे. मागच्या बाया करवादल्या, "आटप गं ठमे, आमचीही लेकरं तहानलीत."

ती धावत घरी पोचली तेव्हा आवडीचे ओठ उघडेच होते. पाणी आत गेलं नाही.

ठमीने त्या पाण्याने लेकीला आंघोळही घातली नाही. हंडा तसाच डोक्यावर घेऊन ती तळ्यावर परत आली आणि सगळा पाण्यात ओतला. "आवडे, घे गं," म्हणाली. राणोजीने काठी उगारली, पण या नावाला हुकुमात बंदी नव्हती. त्याची काठी खाली आली आणि मानही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया वेल्डन म्हणाल्या आणि सगळ्यांनी पहिला हंडा परत ओतला. साहेबाच्या नावाने उचललेलं पाणी कुणी घरी नेलं नाही. हुकूम एकदा पाळून झाला होता, मग आपापल्या लेकीचं नाव घेऊन दुसरा हंडा भरला, तो नेला. पाणजाईने मोडल्या नवसाचा राग धरला नाही, असं सांगतात; त्यानंतर तळं कधी आटलं नाही.

आजही पाटीवर वेल्डनच लिहिलेलं आहे. पण वाडीत मुलगी जन्मली की बाराव्या दिवशी तिचं नाव आधी तळ्याला सांगतात, मग घरच्यांना. आणि जिला लेक नाही, ती दुसरा हंडाही आवडीच्याच नावाने भरते. पहिला ओतताना मात्र सगळ्याच म्हणतात, "आवडे, घे गं."