वळणावर वाजणारी गाडी

घाटाखालच्या एका गावात महिपती नावाचा गाडीवाला राहत होता. त्याचा बाप बैलगाडी हाकायचा. महिपतीने बरीच वर्षे जीप चालवली, मग ती विकून विजेवर चालणारी गाडी घेतली. तेव्हापासून त्याला आभाळ ठेंगणे झाले. गाडी सुरू झाली तरी कळत नसे. "माझ्या गाडीत मांडीवरचं लेकरूसुद्धा जागं होत नाही," असे तो ज्याला त्याला सांगे. दिलावर जीपवाल्याला तर मुद्दाम ऐकवी, "भाई, तुमची जीप निघाली की शेजारच्या गावाला आधी कळतं."

दिलावर म्हणे, "बरंच आहे की. लोक तयार होऊन उभे राहतात."

एके दिवशी डावीकडे वळताना गाडी खालून वाजली. कट्. सरळ रस्त्यावर काही नाही. पुन्हा डावे वळण, पुन्हा कट्. महिपतीने कान टवकारले. जीपच्या गोंगाटात असला आवाज त्याला कधी ऐकूच आला नसता.

बाप बैलगाडीच्या कुरकुरत्या आसाला वंगण घालायचा, ते त्याला आठवले. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने पुढच्या चाकामागे, सांध्यांवर, रबरावर, हात पोचेल तिथे तेल ओतले. आवाज बंद झाला. थोड्या दिवसांनी तो परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. महिपतीने पुन्हा तेल ओतले. तेलानेही भागेना, तेव्हा वळण आले की तो गाणी मोठ्याने लावू लागला. गॅरेजात जावे, तर तिथे दिलावर हमखास बसलेला असायचा.

अशात कस्तुरीच्या कुस्तीचा दिवस उजाडला. गावातली पोर पहिल्यांदाच तालुक्याच्या मैदानात उतरणार होती. नाव पुकारल्यावर जो हजर नाही तो हरला, असा तिथला नियम. गावाने हलगी वाजवत तिला महिपतीच्या गाडीत बसवले. शेजारी तिची आई सोनाबाई बसली. बाकीची मंडळी दिलावरच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून मागून निघाली.

गाडी घाट चढू लागली. कस्तुरीचे पाय जागेवर ठरत नव्हते. डावे वळण आले. कट्. महिपतीने गाणे वाढवले.

"भावजी, खालून काय वाजतंय?" सोनाबाईने विचारले.

"खडा उडाला असेल, वहिनी."

पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा कट्. कस्तुरी म्हणाली, "काका, या खड्यालापण कुस्ती बघायची आहे वाटतं."

महिपती हसला नाही. माथा आला. आता पुढे नागमोडी उतार आणि कडेला दरी. स्टिअरिंगला हिसका बसल्यासारखे त्याला वाटले. त्याने आरशात पाहिले. सोनाबाईने लेकीचा हात घट्ट धरला होता. थांबावे तर पोरीची कुस्ती हुकणार, आणि साऱ्या गावासमोर दिलावर हसणार. न थांबावे तर काय होईल, ते त्याच्या मनात येऊन गेले.

त्याने गाडी कडेला घेतली आणि गाणे बंद केले.

"उतरा, वहिनी. गाडीत बिघाड आहे. बरेच दिवस आहे. मीच लपवला."

मागून जीप आली. दिलावरने मान बाहेर काढली. "काय रे महिपती, झोपलेलं लेकरू उठलं का?"

जीपभर हशा झाला.

"उठलं, भाई. आणि ते का रडतंय ते मला एकट्याला कळत नाही. मी स्टिअरिंग फिरवतो, तुम्ही चाकापाशी कान द्या."

दिलावरचे हसू थांबले. तो खाली उतरला आणि पुढच्या उजव्या चाकापाशी बसला. डावीकडे वळताना भार याच चाकावर येतो. त्याने स्प्रिंगवर हात ठेवला. "फिरव." स्प्रिंग शांत होती. हात खाली नेला. "परत फिरव."

कट्. अगदी त्याच्या बोटांखाली.

मागच्या चाकांना दगड लावून त्याने जॅकने ते चाक उचलले आणि वरून-खालून धरून हलवले. चाक सैल दातासारखे डुगडुगले. चाकाला खालून धरणारा, वाटीत गोळी बसवल्यासारखा एक सांधा असतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. त्याचे रबरी टोपण तेलाने फुगून फाटले होते, आणि आत धूळ शिरली होती.

"यावर तेल कोणी घातलं?"

"मीच." सगळे गाव ऐकत होते.

"रबर खाल्लं त्यानं," दिलावर हळू म्हणाला. "एवढ्या जड गाडीनं यावर उतार उतरायचा नाही. बरं केलंस थांबलास." मग जीपकडे वळून ओरडला, "चार गडी खाली उतरा. पोरीला जागा करा. महिपती, तूपण चढ. तुझी गाडी कुठे पळत नाही."

काय ती जीप उतरली. हॉर्न, हलगी, आरोळ्या. मैदानाशी पोचले तेव्हा कस्तुरीचे नाव शेवटचे पुकारत होते. ती धावतच मातीत शिरली. महिपती दिलावरचा खांदा धरून चवड्यावर उभा राहिला. समोरची मुलगी दांडगी होती. पण कस्तुरीने तिला कमरेत धरले, उचलले आणि चीत केले. कोण कोणाच्या गळ्यात पडले याचा पत्ता राहिला नाही.

कुस्ती झाल्यावर गाडी ट्रकवर घालून तालुक्याच्या गॅरेजात आणली, तोवर मंडळी तिथेच थांबली. कारागिराने तो सांधा सोडवून महिपतीच्या तळहातावर ठेवला. कोणी हात न लावता गोळी वाटीतून घसरून बाहेर आली. सोनाबाईने ती पाहिली. महिपतीला मान वर करवेना.

नवा सांधा बसला, चाके सरळ करून झाली. दिलावरने गाडी डावीकडे वळवायला लावली, पुन्हा वळवायला लावली, आणि मान डोलावली. घरी परतायला जीप दारात उभी होती. सोनाबाईने लेकीला पुढे घातले आणि महिपतीच्या गाडीचे दार उघडले.

"चला, भावजी," ती म्हणाली. "आम्ही तुमच्याच गाडीतून येतो."

तात्पर्य: झाकलेला दोष आतल्या आत वाढत जातो, चारचौघांत कबूल केला की तो दुरुस्त करायला माणसे धावून येतात, आणि आपल्यावरचा विश्वासही टिकतो.