उंबऱ्याबाहेर ठेवलेले नाव

गोदाकाठच्या पोतन नगरात सुबाहू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व विणकरांच्या कुळात जन्मले आणि पुढे त्यांच्या संघाचे ज्येष्ठ झाले. त्या संघात एक रीत होती. मागावरून ठाण उतरले की त्यातले हातभर कापड संघाच्या कोठीत द्यायचे. ते विकून आजाऱ्यांना औषधे मिळत.

पण पूर्वी बळी तो कान पिळी असे चाले. एकदा एका धनवंताच्या म्हाताऱ्यासाठी सुवर्णभस्म आणण्यात कोठी रिकामी झाली. म्हातारा चार दिवस जास्त जगला, आणि पावसाळ्यात तापाच्या साध्या काढ्यावाचून पोरे दगावली. तेव्हा बोधिसत्त्वांनी नियम घातला: वैद्याने वहाणांबरोबर रोग्याचे नावही उंबऱ्याबाहेर ठेवावे. सभेत रोग सांगावा, औषध सांगावे, त्याने किती जणांना किती गुण येईल ते सांगावे. त्यावरूनच सभा ठरवील.

एका ग्रीष्मात शोणक वैद्य सभेत आला. "क्षयाचा रोगी आहे. हिमालयातली मुळी आणली तर एखादा ऋतू जास्त निघेल. बरा होणार नाही. मुळीला अर्धी कोठी लागेल." एवढे सांगून त्याने मान खाली घातली.

नाव बाहेर होते, तरी सगळ्यांना ठाऊक होते. बोधिसत्त्वांची एकुलती एक लेक उत्पला अंथरुणाला खिळली होती. आपला माग विकूनही ती मुळी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती.

भद्दिल नावाचा वृद्ध विणकर उठला. आदल्या वर्षी याच रोगाने त्याचा मुलगा सोमिल गेला होता आणि याच सभेने मुळी नाकारली होती.

"ज्येष्ठ, ज्याचं जळतं त्याला कळतं," तो म्हणाला. "माझं गेलं ते गेलं. तुमचं तरी राहू द्या. द्या ती मुळी."

सभेने माना डोलावल्या. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. बोधिसत्त्व भद्दिलाकडे वळले.

"भद्दिला, तुझ्या सोमिलाला नाही म्हणालो तेव्हा माझी जीभ अडखळली नव्हती," ते म्हणाले. "पावसाळा तोंडावर आहे. काढ्याची साल भरून ठेवा. मुळी आणायची नाही." मग त्यांनी वैद्याला विचारले, "बरं न होणाऱ्याच्या वेदनेवर काही आहे का?"

"चाटण आहे. अगदी स्वस्त. ते मागच्या वर्षीही होतं, पण मला कुणी विचारलंच नाही."

भद्दिल खाली बसला. त्याचा सोमिल या चाटणावाचून तळमळत गेला होता. बोधिसत्त्व जागचे उठले आणि त्याच्या पायांशी जाऊन बसले. त्या दिवसापासून कोठीतून असे चाटण सर्वांना मिळू लागले.

घरी उत्पला वाट पाहत होती. "तात, काय ठरलं?"

"मुळी आणायची नाही, बाळ. मीच नको म्हणालो."

"सोमिलदादालाही दिली नव्हती ना?"

"नव्हती."

"मग बरोबर केलंत." तिने त्यांचा हात धरला. "पण तात, मला जगायचं होतं."

बोधिसत्त्वांनी तिचे डोके मांडीवर घेतले आणि बोटाने चाटण भरवले. पावसाळ्यात तापाची साथ आली, पण मागांच्या आळीत एकही पोर गेले नाही. शरदात उत्पला गेली. तिच्यावर घालायला भद्दिलाने स्वतः विणलेले कापड आणले. त्यातले हातभर त्याने आधीच कोठीत दिले होते.

ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्दिल म्हणजे आज विहारात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा स्थविर धम्मिल. शोणक वैद्य म्हणजे भिक्षू रेणुक, उत्पला म्हणजे भिक्षुणी सुव्रता, आणि तो ज्येष्ठ मीच होतो. आपल्या आणि परक्याच्या दुःखाला एकच माप लावणे, ही समता."