विस्तवाची भिंत

बोरदऱ्याच्या चर्चमागे मातीची एक भिंत एकटीच उभी आहे. तिला ना छप्पर, ना शेजार. मधोमध हातभर खिडकी, आणि खिडकीची कड धुरानं काळी झालेली. नवे पाहुणे विचारतात, घरं पडली तर ही तेवढी का राखली? मग चर्चची झाडलोट करणाऱ्या एस्तेरमावशी पदराला हात पुसत येतात आणि भिंतीच्या सावलीत बसून सांगतात.

फार मागं इथं दोन सख्ख्या जावांची घरं होती. थोरली चंद्रभागा, धाकटी सगुणा. दोघींच्या चुली या भिंतीच्या दोन अंगांना. खिडकीतून मीठ-मिरची जायची, कालवणाची वाटी यायची, सासूची गाऱ्हाणी तर दिवसभर. एका उन्हाळ्यात थोरलीच्या शेळीनं धाकटीच्या वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या. धाकटी बोलली. थोरली म्हणाली, "तुझ्या हातचं कुणीतरी आवडीनं खाल्लं, त्यात सुख मान." त्याच दुपारी सगुणानं चिखल कालवला आणि खिडकी लिंपून टाकली. लेकरं हाताशी आली, तरी दोघींत शब्द नाही, असं सांगतात.

पुढं सगुणेचं मन येशूच्या वचनात रमलं. नदीवर बाप्तिस्मा घ्यायचा ठरला, तेव्हा तिनं नेम धरला की आपण नवं व्हायचं तर घरात जुनं काही ठेवायचं नाही. तिनं घर सारवलं, मडकी बदलली. आणि निघता निघता, काय मनात आलं देव जाणे, चुलीत राखेखाली वर्षानुवर्षं जपलेला विस्तवही तांब्याभर पाणी ओतून विझवला.

नदीत ती बुडी घेऊन वर आली ती हसतच, म्हणे. केसांतून पाणी निथळतंय आणि हसू आवरत नाही. पाद्रीबाबा म्हणाले, "सगुणाबाई, जुनं सरलं." तिनं तिथंच सगळ्या मंडळींना जेवायचं आवतण दिलं आणि ओलेत्यानं पुढं पळत घरी आली. पीठ मळलं, तवा मांडला, आणि मग ध्यानात आलं की चूल थंडगार आहे.

काडेपेटी तेव्हा वाडीत कुणाकडं नव्हती. सगळी माणसं नदीवर, दारांना कड्या. धूर निघत होता तो एकाच घरातून, थोरल्या जावेच्या.

सगुणा उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागं फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. पाणी डोक्यावरून गेलं होतं, पण जीभ काही सैल होईना. तिकडं पाहुण्यांची भजनं जवळ येऊ लागली. ती चुलीपाशी मटकन बसली आणि समोर लिंपलेली खिडकी दिसली. सगळं जुनं टाकलं म्हणून आपण फुशारलो, आणि हा चिखल तेवढा जपून ठेवला. तिनं भिंतीला तळवा टेकला.

"अक्का, विस्तव आहे का गं?"

पलीकडं भांडी वाजायची थांबली. मग भिंतीजवळूनच आवाज आला, "तुझा काय झाला?"

"विझवला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझीच अक्कल."

"म्हणजे ती जुनीच आहे अजून. ती नाही धुतली नदीनं?"

सगुणेला हसू फुटलं. पलीकडूनही फुटलं. मग तिकडून उलथन्यानं माती खरवडल्याचा आवाज येऊ लागला. इकडून हिनं खुरपं घेतलं. ढेकळं गळाली आणि भोकातून धगधगत्या गोवरीसकट एक हात आत आला.

"धर, भाजेल," चंद्रभागा म्हणाली. "अन् उसना म्हणून नको घेऊस, तुझाच आहे हा. कुरडयांच्या आधी माझी चूल विझली होती, तेव्हा तुझ्याकडूनच नेला होता. विझू नाही दिला मी."

त्या दिवशी दोन्ही चुलींवर भाकरी भाजल्या. मंडळी पोटभर जेवली आणि थोरलीनं कुरडयाही तळल्या, म्हणे.

काळानं घरं खचली, भिंत मात्र वाडीनं लिंपून लिंपून राखली. आजही बोरदऱ्यात बाप्तिस्मा झाला की त्या घरची चूल विझवतात; आता गॅसचं बटण बंद करतात, एवढंच. काडेपेटी घरात असली तरी हात लावायचा नाही. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या दारी जायचं आणि विस्तव मागायचा. कुणी मेणबत्ती पदराआड धरून आणतं, कुणी कंदील. ज्याला फारच अवघड वाटतं, तो आधी या भिंतीपाशी येतो, आजूबाजूला बघतो, आणि खिडकीत तोंड घालून हळूच एकदा म्हणून पाहतो, "विस्तव आहे का गं?"