चावीवाल्याची मान

“...मग सांगा ना बाबा, कमी काय आहे यात?”

शैलेंद्र वाघचौरेनं हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

तुळशीराम गांगुर्डे चौकातल्या टपरीवर चहा फुंकत राहिले. उभी हयात रेल्वेत चावीवाला म्हणून गेलेली. रोज मैलोन्‌मैल चालायचं, रुळाला जागेवर धरणारी एकेक लोखंडी चावी बघायची, सैल दिसली की हातोडा. शेजारच्या शैलेंद्रला लोखंड ओळखायला या बाबांनीच शिकवलं. आता तो नावाजलेला शिल्पकार. स्टेशनासमोरच्या चौकात त्यानं जुन्या रुळांच्या तुकड्यांतून बारा फुटी चावीवाला उभा केला होता. खांद्यावर हातोडा, छाती पुढं, नजर थेट आभाळात.

उद्या अनावरण.

“सगळं गाव वाहवा करतंय. तुम्हीच तेवढे गप्प!”

“मान वर आहे त्याची.”

“असणारच! जन्मभर मान खाली घालून राबलात. निदान पुतळ्यात तरी ताठ उभे राहा की!”

बाबांना हसू आलं. “मी लाजून खाली बघायचो, असं वाटलं होय रे तुला?”

शैलेंद्र चिडला. दोन दिवस घास उतरत नव्हता. हा एक माणूस ‘छान’ म्हणाला नाही, तर बाकीचं कौतुक घेऊन काय चाटायचंय?

“अहो, एकदा वर बघा तरी! चेहरा तुमचाच केलाय!”

बाबा उठले. पुतळ्यापाशी गेले, पण वर बघेचनात. जुन्या सवयीनं नजर जमिनीवर. चौथऱ्याला एक फेरी मारली. दोनदा वाकले... मग शैलेंद्रचा हात ओढून तळव्यावर दोन नट ठेवले.

“हे कुठले?”

“त्याच्या डाव्या पायाचे. धुळीत पडले होते.”

शैलेंद्रला आठवलं. पुतळा उभारताना नट नुसते हातानं फिरवले होते, पाना मागाहून लावू म्हणून. मग चेहऱ्याला पॉलिश करण्यात ते राहूनच गेलं. गाडी गेली की हा चौक थरथरतो, आणि उद्या याच पायाशी शाळेची पोरं बसणार होती.

पाना घेऊन तो गुडघ्यांवर आला. मान खाली, डोळे त्या एका बोल्टवर.

“थांब... हलू नकोस,” बाबा म्हणाले. “आत्ता दिसला बघ चावीवाला.”

शैलेंद्रनं मान न उचलता विचारलं, “मग वरच्याची मान कापू का, बाबा?”

“आधी नट आवळ.”